डेड ऑफ नाइट की टेल्स फ्रॉम द क्रिप्ट?

अनेक भयकथा गुंफलेल्या चित्रपटात खरी कसोटी लागते ती धाग्याची. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्ये (१९७२) भुयारात वाट चुकलेल्या पाच जणांना एक गूढ माणूस त्यांचीच करणी आणि मरण दाखवतो, धागा तेवढाच. गोष्टी मात्र जबर! अंधांच्या आश्रमातली ती ब्लेड लावलेली अरुंद वाट बघताना आपणही अंग चोरून बसतो.

‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) चार दिग्दर्शकांचा. त्यातली गोल्फवाली गोष्ट फुसकी आहे, मान्य. पण इथे पाहुणा म्हणून आलेल्या वास्तुविशारदाने घरातली सगळी माणसं आधीच स्वप्नात पाहिलेली असतात, आणि शेवटी एका गोष्टीतल्या बोलक्या बाहुल्यासकट सगळ्या गोष्टी त्याच्याच दुःस्वप्नात मिसळतात. एकच बघायचा असेल तर मी हाच सांगेन.