कोर्ट नाक्यावर गेलेले ४,४५० रुपये

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ टेबल टाकून बसलेल्या माणसाकडून नोटरी करून घ्यायला निघाला असाल, तर दोन मिनिटं थांबून हे वाचा.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांच्या बचत खात्याला नॉमिनी नव्हता. बँकेने वारसांचं अॅफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र आणि इन्डेम्निटी बाँड, म्हणजे पुढे कोणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ असं हमीपत्र, मागितलं, दोन्ही नोटरी केलेले. वारस दोघीच, आई आणि मी. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. मी ऑफिसातून हाफ डे घेऊन कळव्याहून रिक्षाने गेले. उतरते न उतरते तोच एकजण पुढे आला, "ताई, नोटरी का? चला, लगेच करून देतो."

पाचशेचे दोन स्टँप पेपर म्हणजे १,०००. टायपिंगचे ४००. नोटरीचे प्रत्येकी १,४०० म्हणजे २,८००. वर "रजिस्टरचे" २५०. एकूण ४,४५०. त्यातले २,४५० रोख दिले, २,००० फोनवरून पाठवले. फोनवर कोणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." इथेच मी मागे फिरायला हवं होतं.

पण खरी चूक पुढची. मी म्हटलं, आई येऊ शकत नाही. तो म्हणाला, "घरून सही आणा, साहेब शिक्का मारतील, सगळे असंच करतात." कागद घरी नेले, आईची सही घेतली, दुसऱ्या दिवशी परत गेले. साहेब त्या दिवशीही "कोर्टात" होते. टेबलवाल्याने पिशवीतून गोल शिक्का काढला, जांभळ्या शाईत दाबला आणि कागदावर उठवला. मुदतीच्या तारखेवर शाई इतकी फासली होती की वर्ष वाचताच येत नव्हतं. शिक्क्याखाली अनुक्रमांकाची रिकामी ओळ होती. त्याने पेन उचललं आणि तिथे ४१२ लिहिलं. समोर रजिस्टर नव्हतं. कुठलंही पान उघडलं नाही. माझी किंवा आईची सही कोणत्याही वहीत घेतली नाही. २५० रुपये रजिस्टरचेच घेतले होते ना? मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले, कारण दोनची वेळ गाठून ऑफिसला पोचायचं होतं. ते ४१२ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नोटरीने सही करणाऱ्याला समोर पाहून, ओळखपत्र तपासून नोंद करायची असते, आणि आपली सही त्याच्या रजिस्टरमध्ये व्हायला हवी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात कोर्टकचेरी कोणी केलेली नाही.

तीन आठवड्यांनी बँकेने कागद परत केले. त्यांच्या वकिलांनी शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक तपासला, तेव्हा त्या नोटरीची मुदत कधीच संपल्याचं कळलं. नोटरीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरण लागतं. तो शिक्का खरंच त्या नोटरीचा होता की कोणी बनवून घेतलेला, हे मला आजही माहीत नाही.

टेबलवाला चौथ्या फेरीत सापडला. "मी फक्त टायपिंग करतो, ताई." एवढंच बोलला.

मग पोलीस. पहिल्या ठिकाणी विचारलं, "पावती आहे का?" फोनवरचा २,००० चा व्यवहार दाखवला. "हे तर बाईच्या नावावर आहे." मग म्हणे आमची हद्द नाही. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. दिवाणी कसा? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, खोट्या दस्तासाठी ३३६. मी हे म्हटल्यावर समोरचे साहेब हसले, "साडेचार हजारासाठी एवढं कशाला, मॅडम?" माझ्या बाबांच्या मृत्यूच्या कागदावर खोटा शिक्का मारला, त्याचं काहीच नाही? तिथून एका कार्यालयात पाठवलं, त्यांनी वकील संघटनेकडे, संघटनेने "तो आमचा सदस्यच नाही" म्हणून पुन्हा पोलिसांकडे. चार हाफ डे गेले. शेवटी एका ओळखीच्या वकीलताईंनी सांगितलं, नोटरी राज्य सरकारने नेमलेला असेल तर तक्रार मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे लेखी द्यायची. ती दिली. पोचपावतीचा शिक्का तेवढा मिळाला.

त्याच टेबलावर एक पोरगा उत्पन्नाच्या दाखल्याच्या अॅफिडेव्हिटसाठी पाचशेचा स्टँप घेत होता. शाळा-कॉलेजसाठी तहसीलमधून घ्यायच्या जात, उत्पन्न, रहिवासाच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याला थांबवलं असतं.

दरपत्रक भिंतीवर लावणं नोटरीला बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर उठा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. स्टँप पेपरच्या मागे आपलंच नाव आहे का, पाहा. आणि घर भाड्याने देणार-घेणार असाल तर "नोटरी अॅग्रीमेंट पुरतं" म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर भाड्याने देण्याच्या कराराची, नोंदणी सक्तीची आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने, आणि न केल्यास शिक्षा घरमालकाला होते.

नवे कागद वाशीतल्या एका नोटरीने केले. ते स्वतः घरी आले, जाड रजिस्टर आईच्या मांडीवर ठेवलं, आधार कार्ड पाहिलं, तिची सही घेतली, मग पावती दिली. आई विचारत होती, आधी केलं होतं ते काय होतं गं? तिला अजून सांगितलेलं नाही.