थंड प्रदेशातली माती आणि पुण्यातली सिक्वेन्सिंग लॅब : पाचपैकी साडेतीन

रेटिंग आधीच सांगून टाकते, लॅबमधल्या कामाला चार आणि रिपोर्टला तीन, म्हणून साडेतीन. मातीतल्या बॅक्टेरियांचं डीएनए सिक्वेन्सिंग (म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचून कुठले बॅक्टेरिया आहेत ते ओळखणं) करून देणाऱ्या खासगी लॅब पुण्यात आता बऱ्यापैकी झाल्यात, त्यातल्या एकीकडे आम्ही हिमाचलची माती दिली होती. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी त्यांच्याशी बोलून झाल्यात आणि मला इथे कोणाची बदनामी करायची नाहीये, पुढे ज्यांना अशी माती द्यायची आहे त्यांनी काय मागून घ्यावं एवढंच सांगायचंय.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. आमच्या एमएस्सीच्या मुलांना प्रोजेक्टसाठी एकच प्रश्न हवा होता, कडाक्याच्या थंडीत मातीतल्या बॅक्टेरियांची विविधता नेमकी कशावर ठरते. त्यासाठी मनालीच्या वरच्या अंगाला देवदाराचं जंगल, मग अटल टनेल ओलांडून लाहौल आणि पुढे स्पितीत काझा, किब्बर अशी माती गोळा केली, शेतातली घेताना अर्थातच मालकाला विचारून. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहितीये, ९.०२ किलोमीटरच्या त्या बोगद्याच्या अलीकडे सगळं हिरवं आणि ओलं, आणि पलीकडे बाहेर पडलं की डोंगर उघडेबोडके, पाऊस जवळजवळ नाहीच. थंडी दोन्हीकडे आहे पण माती पूर्ण वेगळी. असं कॉम्बिनेशन आपल्या देशात एका दिवसाच्या प्रवासात मिळतं याचं मला अजून अप्रूप आहे.

आता लॅब. सॅम्पल घेणारी मुलगी खूप चांगली होती. आइस जेल पॅक घालून थर्माकोलचा बॉक्स नेला होता, तिने आधी तो उघडून माती अजून गार आहे का ते बघितलं, प्रत्येक पिशवीवरचा नंबर फॉर्मशी ताडून पाहिला आणि लगेच डीप फ्रीझरला टाकलं. याला मी फार महत्त्व देते. पुण्यात मे महिन्यात पिशवी तासभर स्कूटीच्या डिकीत राहिली तर ३८-४० डिग्रीत शिजते, आणि शून्याच्या आसपास राहणारे बॅक्टेरिया मागे पडून ऊब आवडणारे दोन-चार प्रकारच भराभर वाढायला लागतात, मग तुम्ही स्पितीची माती नाही तर डिकीतली माती तपासताय असं होतं. कुरिअरने पाठवणाऱ्यांनी निदान मे महिना टाळावा.

डीएनए काढतानाही त्यांनी कंजूसपणा केला नाही. बारीक मणी घालून जोरात हलवून पेशी फोडायची पद्धत वापरली, ती नसेल तर जाड भिंतीचे बॅक्टेरिया फुटतच नाहीत आणि रिपोर्टमध्ये ते नाहीतच असं दिसतं. जंगलातल्या काळपट मातीत ह्युमिक ॲसिड, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातनं येणारं आम्ल, फार, त्याने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पायरी, अडतो, तिथे पहिल्यांदा फेल गेल्यावर त्यांनी स्वतःहून फोन केला आणि परत साफ करून रन केलं, त्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत. ब्लँक सॅम्पलही लावलं होतं, म्हणजे माती न घालता तीच सगळी प्रक्रिया, म्हणजे किटमधनं किंवा हवेतनं आलेले बॅक्टेरिया कुठले ते कळतं. उघड्या थंड वाळवंटातल्या मातीत मुळात डीएनए कमी, तिथे ही बाहेरून आलेली घाण सगळ्या निकालाचा चेहरा बदलू शकते. ब्लँक लावत नाही म्हणणाऱ्या लॅबला थंड प्रदेशातली माती देऊच नका, कितीही स्वस्त असली तरी.

पण फॉर्म! फॉर्ममध्ये उंची, तारीख, अक्षांश-रेखांश, तापमान हे सगळं कंपलसरी आणि सामू म्हणजे पीएच, माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, मात्र ऐच्छिक. इथे माझा जीव तुटतो. मातीतल्या बॅक्टेरियांच्या बाबतीत गेल्या वीसेक वर्षांत सगळ्यात ठामपणे पुढे आलेली गोष्ट कुठली असेल तर ती सामूचं महत्त्व हीच. २००६ साली फियरर आणि जॅक्सन या संशोधकांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतली ९८ मातीची सॅम्पल तपासली, तर बॅक्टेरियांची विविधता तापमानाशीही जुळेना आणि विषुववृत्तापासूनच्या अंतराशीही जुळेना, जुळली ती सामूशी. उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही अशा मातीत विविधता सगळ्यात जास्त, आम्ल मातीत कमी, आणि सगळ्यात कमी कुठे तर पेरूमधल्या ॲमेझॉनच्या आम्ल मातीत, जिथे झाडं आणि प्राणी किती प्रकारचे ते मोजता मोजता माणूस थकतो. विषुववृत्ताजवळ उबेत प्रकार जास्त हा झाडांना, फुलपाखरांना लागू पडणारा नियम इथे चालतच नाही. पुढे २०१० मध्ये आर्क्टिकमधल्या २९ ठिकाणच्या मातीवर काम झालं, त्यातही निघालं की ध्रुवाजवळच्या मातीतली विविधता बाकीच्या जगातल्या मातीपेक्षा काही मुळातच वेगळी नाही, आणि तिथेही फरक पाडतो तो सामू. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं हे ऐकून मान्य करत नाहीत, थंडी म्हणजे जीव कमी असं आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं.

कारण तसं सरळ आहे. बॅक्टेरियाला पेशीच्या आतला सामू उदासीनच्या आसपास धरून ठेवावा लागतो, बाहेर फारच आम्ल असेल तर त्यातच सगळी ताकद जाते, आणि बहुतेकांची झेप एका मर्यादेतच असते. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक हे विसरू नका. शिवाय साडेपाचच्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून बाहेर यायला लागतं आणि ते विषारी. देवदाराच्या बाजूला पाऊस आणि बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं चुना धुऊन नेतं, वर सुयांसारख्या पानांचा आम्ल पालापाचोळा. स्पितीत उलट, डोंगरच मुळात चुनखडीचे आणि धुऊन न्यायला पाऊस नाही, त्यामुळे माती आपल्या शिरूर-बारामतीच्या काळ्या मातीसारखी अल्कधर्मी. म्हणजे बोगद्याच्या दोन बाजूंना नुसती उंची बदलत नाही, सगळा रासायनिक हिशोब बदलतो.

तरी रिपोर्टमध्ये काय केलं, तर सगळी सॅम्पल उंचीप्रमाणे ओळीने लावली, रंगीत बार चार्ट, पाय चार्ट, आणि खाली एक छापील वाक्य की उंचीप्रमाणे विविधतेत बदल दिसतो. हे सॉफ्टवेअरने लिहिलेलं वाक्य आहे हे दिसतंच. आमच्या मुलांनी सामू कॉलेजातच मोजून ठेवला होता, तोच डेटा सामूप्रमाणे लावला तर सॅम्पल बरीच नीट रांगेत बसली, उंचीप्रमाणे लावलं तर काहीच आकार येत नव्हता. आमची सॅम्पल थोडी आहेत, त्यावर मी कुठला सिद्धांत मांडणार नाही, पण ज्याला हे माहीत नाही असा एखादा विद्यार्थी तो रिपोर्ट जसाच्या तसा थिसिसला लावेल याची मला खरंच काळजी वाटते. जगभरात डोंगरांवरचे निकाल एकसारखे नाहीतच. पेरूच्या अँडीजमध्ये उंचीप्रमाणे झाडं-प्राणी कमी होत गेले पण बॅक्टेरियांमध्ये तसा कल दिसला नाही, चीनच्या चांगबाई पर्वतावर पुन्हा सामूच पुढे आला, काही ठिकाणी मधल्या उंचीवर सगळ्यात जास्त विविधता मिळाली. उंची हे एक कारण नसतं, उंचीबरोबर दहा गोष्टी बदलतात.

थंडीचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाहीये हं. थंडी पाण्यातनं काम करते. गोठलेल्या मातीतही कणांभोवती पाण्याचा अगदी पातळ, न गोठलेला थर राहतो, क्षार असतील तर जास्तच, आणि त्यात जीव तगून असतात. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या पर्माफ्रॉस्टमधनं, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीतनं, मिळालेला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस हा बॅक्टेरिया उणे १५ डिग्रीला वाढतो आणि उणे २५ पर्यंत त्याच्या पेशीतलं काम चालू असल्याचं मोजता आलं. पण पाणीच संपलं की कठीण, अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमधल्या युनिव्हर्सिटी व्हॅलीच्या गोठलेल्या कोरड्या मातीत सूक्ष्मजीवांचं काम चालू असल्याची खूण सापडेना असं २०१६ साली छापून आलं. आणि त्याच अंटार्क्टिकात दुसरीकडे असे बॅक्टेरिया आहेत जे हवेतल्या नाममात्र हायड्रोजनवर आणि कार्बन मोनॉक्साइडवर जगतात, हे २०१७ मध्ये कळलं, मी ते वाचलं तेव्हा दुसऱ्या दिवशीचं लेक्चर बदलून हेच शिकवलं.

बर्फाचंही असंच. फूट-दीड फूट बर्फ पडला की तो गोधडीसारखा वरून बसतो, खालची माती शून्याच्या आसपास राहते आणि सूक्ष्मजीव हिवाळाभर काम करतात. जिथे वाऱ्याने बर्फ टिकत नाही तिथे माती रोज गोठते-वितळते, त्यात पेशी फुटतात, आणि हे जास्त त्रासदायक. म्हणून फॉर्मवर वर्षाचं सरासरी तापमान विचारण्यापेक्षा तिथे बर्फ किती महिने टिकतो हे विचारलं असतं तर उपयोग झाला असता. तसंच सेंद्रिय कर्ब. किब्बरकडे उघड्या मातीत कर्ब अगदी कमी, पण एखाद्या काटेरी झुडपाच्या बुडाशी हात घातला की माती वेगळीच लागते, आणि शेतात, जिथे जव-मटार लावतात, बर्फाचं पाणी पाटाने आणतात आणि शेणखत घालतात, तिथली तर आणखी वेगळी. दोन पावलांच्या अंतरात एवढा फरक पडतो, त्यामुळे एका गावाचं एकच सॅम्पल देऊन काही कळणार नाही.

गंमत म्हणजे हे सगळं मोजायला काही भारी यंत्र लागत नाही. आपल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, त्यातल्या पहिल्या तीन म्हणजे सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नेमक्या याच आम्हाला लागतात. माती परीक्षणाचा खर्च सिक्वेन्सिंगच्या मानाने काहीच नाही. लॅबने हे पॅकेजमध्येच घातलं तर मी आनंदाने थोडे जास्त पैसे देईन, तसं त्यांना ईमेलवर लिहिलंयसुद्धा.

रिपोर्टबद्दल अजून दोन गोष्टी. त्यांनी १६एस जीनचा, म्हणजे बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या जीनचा, व्ही३-व्ही४ हा भाग वाचला, म्हणजे साधारण १५०० पैकी ४६० बेस (डीएनएची अक्षरं). त्यावरून वंश बऱ्यापैकी कळतो, प्रजाती खात्रीने सांगता येत नाही, पण रिपोर्टमध्ये प्रजातींची नावं ठणठणीत छापलीत. ती पेन्सिलने खोडून टाका. दुसरं म्हणजे काही सॅम्पलचे रीड्स, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, दुसऱ्यांच्या दुप्पट होते आणि समान पातळीवर न आणता विविधतेची तुलना केली होती, जास्त रीड्स म्हणजे जास्त प्रकार सापडणारच ना. फोनवर सांगितल्यावर त्यांनी न कुरकुरता परत करून दिलं, आणि मुख्य म्हणजे मूळ फास्टक्यू फाइल्स (यंत्रातनं निघालेला कच्चा डेटा) मागायच्या आत लिंक पाठवली होती. काही ठिकाणी त्यासाठी वेगळे पैसे मागतात असं ऐकलंय.

आणि मेलेल्या पेशींचा डीएनए. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के डीएनए अखंड पेशींमधला नव्हताच असं निघालं. थंडीत तर डीएनए आणखी टिकतो, उत्तर ग्रीनलंडच्या गाळातनं २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळालाय. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसणारा प्रत्येक प्रकार आज जिवंत आहे असं धरू नका. हा डीएनए आधी काढून टाकायची सोय या लॅबकडे आहे, पण रेट कार्डवर नाही, विचारलं तरच सांगतात. विचारा.

वेळेचं म्हणाल तर दिलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला, मध्ये गणपती आले आणि अर्धा स्टाफ गावाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, सबमिशनची तारीख जवळ असेल तर मात्र ऑगस्टच्या आतच सॅम्पल द्या. पुढच्या वर्षी लाहौलच्या बाजूची माती पुन्हा यांनाच देणार आहे, नुसतं सिक्वेन्सिंग आणि मूळ फाइल्सचं पॅकेज घेऊन. त्यात रिपोर्ट नसतो, बरंच स्वस्त पडतं आणि ॲनालिसिस मुलं स्वतः करतील.