मांजरीच्या जंतांवर सिरप, गोळी की मानेवरचे थेंब?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मनीच्या गोधडीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसायला लागले. काही वाळून तिळासारखे पिवळट झालेले, एक-दोन तर चक्क आखडत-पसरत होते. मी मेडिकलवर जाऊन ‘मांजराचं जंताचं औषध’ मागितलं. त्यांनी सिरपची बाटली दिली, मी ते वजनाच्या हिशेबाने पाजलं. तिसऱ्या दिवशी गोधडीवर पुन्हा दाणे. आई म्हणाली, “औषध डुप्लिकेट दिसतंय.” औषध अस्सल होतं, पण गोधडीवर जो जंत दिसत होता त्याच्यावर ते चालतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि दुकानदारानेही विचारलं नाही की जंत दिसतो कसा.

तुम्ही आत्ता सिरप, गोळी की थेंब या विचारात असाल, तर आधी हे बघा की तुमच्या मांजरीच्या पोटात नेमकं काय असू शकतं.

आपल्याकडे मांजरांत तीन प्रकारचे जंत मुख्य. गोल जंत शेवयांसारखे लांब आणि पांढरट असतात, उलटीत किंवा शीत पडतात. पिल्लांना ते आईच्या दुधातून येतात, म्हणून पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ हाडकुळी असं पिल्लू दिसलं की पहिला संशय यांच्यावर. अंकुशकृमी बारीक असतात, शीत सहसा दिसत नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, हिरड्या पांढऱ्या पडतात, शी काळपट होते. तिसरे चपटे जंत, म्हणजे पट्टकृमी. गोधडीवरचे दाणे हे त्यांचे सुटून पडलेले तुकडे असतात. चपटे जंत दोन वाटांनी येतात. अंग चाटताना मांजर पिसू गिळते, आणि त्या पिसवेच्या पोटात जंताचं पिल्लू असतं. दुसरी वाट उंदराची. सोयाबीन-तुरीची पोती घरात असलेल्या मराठवाड्यातल्या कुठल्या घरात मांजर उंदीर खात नाही?

आता औषधं. नाव ब्रँडचं लक्षात ठेवू नका, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा.

सिरप: पायरँटेल

मला मिळालं ते हेच. हे औषध जंताला लुळं करतं आणि मग तो शीबरोबर बाहेर पडतो. आतड्यातून ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, म्हणून दोन आठवड्यांच्या पिल्लालाही देता येतं आणि गाभण मांजरीलाही डॉक्टर हेच सुचवतात. गोल जंत आणि अंकुशकृमी दोन्हींवर चालतं. चपट्या जंतावर शून्य.

स्वस्त आहे, सुईविना सिरिंजने गालाच्या फटीतून थोडं थोडं सोडता येतं, पिल्लाच्या वजनाला बारीक मापात देता येतं. पिल्लांसाठी मी दुसरं काही बघणारही नाही. फक्त एका मिलीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते बाटलीनुसार बदलतं. त्यामुळे “शेजारणीने एक मिली दिलं होतं” हा हिशेब उपयोगाचा नाही. डॉक्टरांना बाटली दाखवून मिली लिहून घ्या.

एकत्र गोळी: पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल

प्राझिक्वांटेल हे चपट्या जंताचं औषध. मांजरांच्या गोळीत सहसा २३० मिलिग्रॅम पायरँटेल आणि २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल असतं, आणि हिशेब चार किलोला एक गोळी असा असतो. तिन्ही जंत एका गोळीत निघतात. बाहेर हिंडणाऱ्या, उंदीर मारणाऱ्या मोठ्या मांजरीला आपल्या भागात हीच गोळी बरोबर बसते असं माझं स्पष्ट मत आहे. मनीचे दाणे याच गोळीने थांबले.

अडचण एकच, गोळी कडू आहे. दाताखाली फुटली की मांजर तोंडाला फेस आणते आणि माणूस घाबरून जातो. तो फेस चवीचा असतो, विषाचा नव्हे, थोड्या वेळात थांबतो. आम्ही गोळी बोंबलाच्या किंवा उकडलेल्या कोंबडीच्या बारीक गोळ्यात दडवतो. आधी एक नुसता घास, मग गोळीचा, आणि लगेच तिसरा घास नाकासमोर धरायचा, म्हणजे दुसरा चावत बसायला तिला वेळ राहत नाही. मसाल्याचा रस्सा मात्र नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजरीच्या रक्ताला घातक.

आणखी एक गैरसमज इथे मोडायला हवा. आपल्याकडे औषध लागू पडलं का हे ‘जंत पडले का’ यावरून ठरवतात. गोल जंत पडलेले दिसतात. चपटा जंत या औषधाने बहुतेक वेळा आतच विरघळतो, पचून जातो. काहीच पडलं नाही म्हणून आई दुसरी गोळी द्यायला निघाली होती. देऊ नका. दाणे यायचे थांबले की काम झालं.

मानेवरचे थेंब

गोळी गिळणारच नाही, ओरबाडून रक्त काढेल अशी मांजर असते. आमचा बोका तसाच आहे. त्याच्यासाठी मी संभाजीनगरहून थेंब मागवले. मान आणि डोकं जुळतं तिथे केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे, कारण तिथे तिची जीभ पोचत नाही. घरात दोन मांजरं असतील तर एकमेकांना चाटू नयेत म्हणून वाळेपर्यंत वेगळी ठेवा, आणि लेकरांना हात लावू देऊ नका.

थेंबांतही दोन जाती आहेत, इथेच जास्त फसगत होते. सेलामेक्टिनचे थेंब पिसवा, कानातली खरूज, गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर चालतात, चपट्या जंतावर नाही. इमोडेप्साइड आणि प्राझिक्वांटेल एकत्र असलेले थेंब तिन्ही जंतांवर चालतात, पण पिसवांवर नाही. दोन्ही साधारण आठ आठवड्यांपुढच्या पिल्लांपासून. किंमत गोळीच्या कितीतरी पट. गोळी घेणाऱ्या मांजरीवर हा खर्च करायची मला गरज वाटत नाही. गोळीसाठी दर वेळी झटापट होत असेल तर मात्र पैसे वसूल आहेत, कारण झटापटीला कंटाळून माणूस डोसच चुकवतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ही ट्यूब पडू देऊ नका. पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं, ते वाचून सावलीतल्या कपाटात ठेवा.

फेनबेंडाझोल या आणखी एका जंताच्या औषधाबद्दल थोडक्यात. ते तीन ते पाच दिवस सलग द्यावं लागतं, गोल जंत, अंकुशकृमी आणि उंदरामुळे येणाऱ्या चपट्या जंतावर चालतं, पिसवेच्या जंतावर नाही. जिआर्डियासारख्या जुलाबाच्या आजारात डॉक्टर ते देतात. घरच्या नेहमीच्या डोससाठी मी ते घेणार नाही.

घरात पडलेलं औषध देऊ नका

१० फेब्रुवारीला जंतनाशक दिनी शाळेत लेकरांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. एखादी घरात उरते आणि ‘जंताचीच आहे’ म्हणून मांजरीला अर्धी दिली जाते. मांजरांत अल्बेंडाझोलमुळे अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गाभ्यावर, परिणाम होऊन पांढऱ्या पेशी घटल्याच्या नोंदी आहेत, आणि पिसवेच्या चपट्या जंतावर ते चालतही नाही. म्हणजे धोका पत्करूनही काम होत नाही.

कुत्र्याच्या गोळीचा तुकडा देणारे तर पुष्कळ आहेत. मीही दिला असता, पण हिशेब मांडून बघितला. कुत्र्याच्या नेहमीच्या गोळीत दहा किलो वजनासाठी ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ मिलिग्रॅम पायरँटेल आणि वर फेबँटेल हे तिसरं जंताचं औषध असतं. तीन किलोच्या मांजरीला त्यातला तिच्या वजनाचा तुकडा दिला, तर प्राझिक्वांटेल बरोबर १५ मिलिग्रॅम जातं, पण पायरँटेल जेमतेम ४३ मिलिग्रॅम. मांजरांच्या गोळीच्या हिशेबाने तिला १७२ लागतं. कुत्र्याच्या गोळीतली कमतरता फेबँटेल भरून काढतं. मांजरीचा डोस वेगळा बसवलेला आहे, म्हणून तुकड्याने गोल जंत अर्धवट राहण्याची भीती असते.

गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं. तीन किलोच्या जिवाला त्यातला एका मिलीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी अंश लागेल. हात जरा हलला की डोस कित्येक पट. गोठ्यातली बाटली मांजरीसाठी उघडूच नका. आणि पिसवांसाठी कुत्र्याचे परमेथ्रिनचे थेंब मांजरीला कधीही लावू नका. तिच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, झटके येऊन मांजर मरूही शकते.

वावडिंग आणि लसूण हे उपाय आईच्या आग्रहाचे. लेकराला वावडिंगाचं पाणी दिलं जातं म्हणून मांजरीला ते चालेल असं नाही, आणि लसूण तर तिच्या तांबड्या पेशी फोडतो.

पिसवा गेल्या नाहीत तर

मनीला गोळी दिल्यावर महिनाभर शांतता होती. मग पुन्हा दाणे. मला वाटलं गोळी फसली. जंताचं औषध त्या दिवशी पोटात असलेले जंत मारतं, पुढच्या आठवड्यात गिळलेल्या पिसवेपासून वाचवत नाही. नवीन पिसवेतून आलेला जंत दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दाणे सोडायला लागतो. तेव्हा बारीक कंगवा फिरवला तर काळी पूड निघाली. ओल्या कापसावर ठेवली तर लाल झाली, म्हणजे पिसवांची विष्ठा. गोधड्या उकळत्या पाण्यात धुतल्या, उन्हात टाकल्या, कोपरे झाडून काढले, दोन्ही मांजरांना पिसवांचं औषध एकाच दिवशी सुरू केलं. त्यानंतरच दाणे कायमचे गेले.

शंका असेल तर शीची तपासणी करून घ्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. सकाळची ताजी शी डबीत घेऊन मी सेलूहून रेल्वेने परभणीला गेले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “मांजरीसाठी इतकं कामून?” घरात रांगणारी नात आहे, म्हणून. गोल जंताची अंडी मातीत पडून दोन ते चार आठवड्यांत तयार होतात आणि माणसाच्या लेकराच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोचतात. बांधकामाचा वाळूचा ढीग मांजरांची आवडती जागा, आणि लेकरांचीही. ढिगावर ताडपत्री टाका, शी रोज उचला. एक लक्षात ठेवा, तपासणीत चपट्या जंताची अंडी बऱ्याचदा सापडत नाहीत, कारण ती तुकड्यांच्या आत बंद असतात. दाणे डोळ्यांनी दिसले असतील तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबू नका, डॉक्टरांना दाण्यांचा फोटो दाखवा.

वजनासाठी आधी एकटे काट्यावर उभे राहा, मग मांजर उचलून. अंदाजाने दिलेला डोस बहुतेक कमीच पडतो. पिल्लू सुस्त असेल, पातळ जुलाब असतील किंवा हिरड्या पांढऱ्या असतील तर आधी डॉक्टर, मग औषध.

सध्या आमच्याकडचा हिशेब असा. मनीचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम, तिला दर तीन महिन्यांनी एकत्र गोळी. बोक्याला त्याच दिवशी इमोडेप्साइड-प्राझिक्वांटेलचे थेंब. पिसवांचं औषध दोघांनाही पावसाळाभर, डॉक्टरांनी सांगितलेलं. मनीच्या दोन पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पायरँटेलचं सिरप, दूध सुटल्यावर आणखी एक डोस, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एकदा. पहिल्या डोसच्या दिवशी मनीलाही दिलं, कारण पिल्लांना जंत तिच्याच दुधातून जात होते. तारखा दिनदर्शिकेवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहिल्या आहेत. पिल्लांचा पुढचा डोस येत्या रविवारी आहे.