खाडीकाठच्या डेकसाठी ऐन-साग की पुनर्वापराचं प्लास्टिक?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी फोन करून एकच प्रश्न विचारला. एक वेळणेश्वरचे, एक दिवेआगरचे, एक काणकोणचे. तिघांचंही घर पाण्याला लागून, तिघांनाही पाहुण्यांसाठी बसायला डेक आणि पाण्यात उतरायला पायऱ्या करायच्या आहेत. लाकूड घ्यावं की जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या फळ्या? फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढतो. देवबागला कर्लीच्या खाडीकाठी आमचं घर आहे, त्यातल्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि हा निर्णय मी दोनदा घेतला आहे. पहिल्यांदा ऐनाच्या झाडाचं लाकूड, दुसऱ्यांदा प्लास्टिक.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. घराचे वासे, दारं, खिडक्या यांच्याबद्दल मी बोलत नाही. छपराखालच्या लाकडाला माझ्या लेखी दुसरा पर्याय नाही. प्रश्न आहे तो उघड्यावरच्या सामानाचा, म्हणजे जे खारं वारं, ऊन आणि कोकणातला पाऊस तिन्ही एकाच अंगावर घेतं त्याचा. आणि सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाची, परवानगी दोन्हीला सारखीच लागते; प्लास्टिकचं आहे, उचलून नेता येतं, असं कोणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका.

लाकडाचं कौतुक मी मनापासून करतो. ऐनाची फळी पायाखाली जी भक्कम वाटते ती प्लास्टिकची कधी वाटणार नाही. साग तर सागच, पण सागाचे गुण त्याच्या गाभ्यात असतात, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नाहीत. हल्ली वखारीत लागवडीचा कोवळा साग जास्त मिळतो आणि त्यात पांढरं लाकूड पुष्कळ असतं. त्यामुळे आजोबांच्या काळच्या सागाचा दाखला देऊन आजचा साग घेणाऱ्यांनी फळीचं तोंड नीट बघून घ्यावं.

वाळवीचा बंदोबस्त करता येतो. पाण्यात बुडणाऱ्या खांबांचं दुखणं वेगळं आहे. भरतीच्या पाण्यात लाकूड पोखरणारा जो जहाजकिडा असतो, तो किडा नव्हेच, शिंपल्यांच्या कुळातला प्राणी. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिल्लू आत शिरतं आणि आतच वाढत, लाकूड खात राहतं. वरून खांब ठणठणीत दिसतो, आत चाळण झालेली असते. १७३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या समुद्रबांधांचं लाकूड याच प्राण्याने खाल्लं आणि डच लोकांना बांधांची समुद्राकडची बाजू दगडाने मढवावी लागली. आमच्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी उतरतं तेव्हा त्याचा जोर कमी होतो, पाणी पुन्हा खारं झालं की तो परततो. आमच्या पायऱ्यांचे दोन ऐनाचे खांब पाच वर्षांत गेले. होडीवाल्यांनी हे कधीच ओळखलं आहे. लाकडी होडीला बाहेरून फायबरचा थर देणं किंवा सरळ फायबरचीच होडी घेणं आता किनाऱ्यावर सगळीकडे दिसतं.

तरीही खांबांमुळे मी लाकूड सोडलं नाही. दोन खांब बदलणं हे काही मोठं काम नव्हे. लाकूड सुटलं ते मे महिन्यामुळे.

उघड्यावरच्या लाकडाला वर्षातून एकदा तेल द्यावंच लागतं. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल चालतं, स्वस्त आणि चांगलं. पण तेल मुरायचं तर लाकूड आतपर्यंत सुकलेलं हवं. ऑक्टोबरात ते पावसाचं पाणी पिऊन बसलेलं असतं. थंडीत खाडीवर रोज पहाटे इतकं दव पडतं की सकाळी नऊपर्यंत फळ्यांवर हात फिरवला तर तळवा ओला होतो. लाकूड खरं सुकतं ते एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. आणि नेमके तेच आमचे कमाईचे दिवस. शाळांना सुट्टी, सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि मुंबई-पुण्याहून माणसं येतात तीच मुळी संध्याकाळी त्या डेकवर बसायला. त्यांना मी सांगायचो, चार दिवस तिकडे जाऊ नका, तेल ओलं आहे. दोरी बांधायची, पाटी लावायची, लहान मुलांवर लक्ष ठेवायचं. वास खोल्यांपर्यंत यायचा. एका वर्षी एक पाच-सहा वर्षांचा मुलगा दोरीखालून गेला आणि अर्धवट सुकलेल्या फळीवर बसला. काजूचं तेल कातडीला भाजतं. त्याच्या मांडीवर फोड आले. त्याची आई मला काही बोलली नाही, पण ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी मी तेल लावणं टाळलं. त्याच्या पुढच्या वर्षी फळ्यांची टोकं काळी पडून बोटाने दाबली की आत जाऊ लागली. ऐन चांगलं आहे, पण ते दर मे महिन्यात माझे चार दिवस मागत होतं आणि ते देणं मला शक्य नव्हतं. तुमच्या घरी मेमध्ये पाहुणे नसतील, किंवा घर फक्त तुमच्या राहण्यासाठी असेल, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. मग कदाचित तुम्ही लाकडाचाच विचार करावा.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं तेव्हा कुजलेल्या टोकांचे खिळे सुटले आणि अर्धा डेक खाडीत गेला. त्या दिवाळीनंतर मी प्लास्टिकचा बांधला. आता त्यावरून चार पावसाळे गेले आहेत.

बाजारात गेलात की पहिली गफलत इथे होते: दुकानदार 'प्लास्टिक लाकूड' म्हणून डब्ल्यूपीसी दाखवतो. त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. नमुना म्हणून मला दिलेल्या चार पोकळ पट्ट्या मी मागच्या अंगणात पावसात टाकून ठेवल्या. गणपतीपर्यंत कापलेली टोकं फुगली आणि त्यांवर काळी बुरशी धरली. मी बोलतोय ते भरीव, निव्वळ प्लास्टिकच्या फळीबद्दल. ती हातात सागापेक्षा जड लागते. एक तुकडा कापून मागा, वजन करा, आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा वजन करा. मी आता कोणाचंही माहितीपत्रक वाचत नाही, एवढंच करतो.

आमच्या मेस्त्रींना हा माल पहिल्या दिवशीच आवडला नाही. फळी दोन विटांवर आडवी ठेवून ते मध्ये उभे राहिले, ती वाकली, आणि ते म्हणाले, "लाकूड मोडूच्या आधी बोलता. ह्यां काय बोलणा नाय." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. ताठपणात प्लास्टिक लाकडाच्या जवळपासही नाही, आणि सतत ओझं राहिलं तर ते हळूहळू कायमचं खाली बसतं. प्लास्टिक भार पेलत नाही असं मात्र नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग इथे २००९ मध्ये पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या पुलावरून ७० टनांच्या आसपासचा रणगाडा नेला गेला. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीवर २०११ पासून असाच ३० मीटरचा पूल आहे. पण ते खास घडवलेले तुळयांचे आकार, आपल्याला मिळते ती साधी फळी. म्हणून मेस्त्रींनी तोडगा काढला तो असा: ऐनाच्या डेकला खालचे आडवे वासे दोन-दोन फुटांवर होते, ते प्लास्टिकला एक-एक फुटावर घेतले. माल वाढला, खर्च वाढला. पण चार वर्षांत फळी बसलेली नाही. मोठी कुंडी किंवा पाण्याची टाकी मात्र मी त्यावर ठेवत नाही.

दुसरा धडा पहिल्याच उन्हाळ्यात मिळाला. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, म्हणून सुतार बाजूला फट ठेवतो आणि टोकाला टोक घट्ट भिडवतो. प्लास्टिक उन्हात लांबीला वाढतं. दहा फुटी फळी थंडीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत सेंटीमीटरभर तरी लांबते. आमच्या फळ्या एप्रिलमध्ये एकमेकींना ढकलून मध्येच कमानीसारख्या उचलल्या गेल्या. सगळ्या काढून टोकांना फट ठेवावी लागली, भोकं लांबट करावी लागली, खाली रुंद वायसर घालून नटबोल्ट जरा सैल आवळावे लागले. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टीलचेच घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत वर्षभरात तपकिरी डाग पडतात. हे नुसतं रूपाचं काम नाही. फळी पाण्यावर तरंगते आणि सुटली तर ती कांदळवनात जाऊन कायमची अडकते.

उन्हात ती तापते. काळी फळी घेऊ नका, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. मी राखाडी घेतली, तरी मेमध्ये एक ते चार काथ्याच्या चटया अंथराव्या लागतात. शेवाळ दोन्हीवर सारखंच धरतं, खराटा दोन्हीला लागतो. आणि आग. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये टिफनी स्ट्रीटचा धक्का पुनर्वापराच्या प्लास्टिकचा बांधला होता, १९९६ मध्ये वीज पडून तो जळाला आणि वितळला. आमच्याकडे पाहुण्यांना डेकवर मासे भाजायची हौस असते. शेगडी आता वाळूत मांडली जाते, हा नियम मी कोणासाठी मोडत नाही.

एक गोष्ट अजून मला पूर्ण पटलेली नाही, तीही सांगायला हवी. ऐनाची फळी कुजून मातीत गेली तर कोणाचं काही बिघडत नाही. प्लास्टिक घासलं जातं, उन्हाने त्याचा वरचा थर हळूहळू सुटतो, आणि ते बारीक कण शेवटी खाडीतच जाणार. कापताना मी खाली ताडपत्री अंथरून प्रत्येक कीस गोळा करून घेतला, पण झिजेचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. समोर दर पावसाळ्यात वाहून येणाऱ्या बाटल्या बघतो तेव्हा वाटतं, निदान तसल्याच मालाचं काहीतरी टिकाऊ झालं आणि ऐनाचं एक झाड जंगलात उभं राहिलं. हा हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा.

पैशाचं म्हणाल तर मला मिळालेल्या भावात प्लास्टिक सागापेक्षा थोडं स्वस्त आणि ऐनापेक्षा बरंच महाग पडलं, जास्तीचे वासे धरून तर सागाच्या जवळच गेलं. पण तेव्हापासून डेकवर तेल, मजुरी आणि बदली फळ्या यांवर माझा खर्च झालेला नाही, आणि मे महिन्यात दोरी बांधलेली नाही. पाण्यात बुडणारे खांब आणि पायऱ्या यांच्यासाठी तर मी प्लास्टिक सोडून दुसरा विचारही करणार नाही. वरच्या फळ्यांसाठी, मेमध्ये घर भरत असेल तर, पुन्हा प्लास्टिकच घेईन.

कठडा मात्र सागाचा केला. तिथे हात टेकतो, आणि तापलेल्या प्लास्टिकवर हात टेकवत नाही. त्याला तेल मी आजही लावतो, पण साधं जवसाचं, मेच्या शेवटी एका दुपारी, पाहुणे जेवून पडलेले असतात तेव्हा. संध्याकाळी चहाला माणसं डेकवर येतात, तेव्हा फक्त कठड्याला टेकू नका एवढंच सांगावं लागतं.