होल एन्चिलाडा, मोआब: शटल सेवेचे आणि 27 मैलांच्या उताराचे परीक्षण

अमेरिकेतील युटा राज्यातल्या मोआब या छोट्या गावी जो कोणी माउंटन बाइक घेऊन जातो, त्याच्या यादीत एक नाव हमखास असते, ते म्हणजे होल एन्चिलाडा. ला साल पर्वतातील बरो पास या सुमारे 11,150 फूट उंचीच्या खिंडीतून निघून कोलोरॅडो नदीच्या काठापर्यंत, म्हणजे जवळजवळ 4,000 फुटांपर्यंत उतरत जाणारी ही सुमारे 27 मैलांची वाट आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर सकाळी थंडीने बोटे आखडतात आणि दुपारी त्याच सायकलवरून आपण वाळवंटातील तापलेल्या कातळावर येऊन पोहोचतो. डेन्व्हरमध्ये राहणारे आम्ही चार मित्र, दोघे पुण्याचे, एक नाशिकचा आणि एक कोल्हापूरचा, गेल्या सहा वर्षांत चार वेळा या वाटेवर गेलो आहोत. चारही वेळा गावातील शटल सेवा घेतली आणि दोनदा सायकलीही तिथूनच भाड्याने घेतल्या. अशा सेवा देणारे गावात अनेक जण आहेत आणि आम्ही दरवेळी वेगळ्यांकडे गेलो, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या दुकानाचे नसून या सेवेचे आणि तिच्यामुळे हाती येणाऱ्या दिवसाचे आहे.

शटलची पद्धत सोपी आहे. सकाळी सात-आठच्या सुमारास सायकली व्हॅनच्या टपावर किंवा मागच्या ट्रेलरवर बांधल्या जातात, गाडी ला साल पर्वताच्या वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराहून अधिक वेळ चढत राहते आणि प्रवाशांना वर सोडून रिकामी परत फिरते. न्यायला कोणीही येत नाही, खाली आपले आपण उतरायचे असते. वाट संपते ती 128 क्रमांकाच्या महामार्गावर, आणि तिथून गाव गाठण्यासाठी नदीच्या कडेकडेने आणखी पाच-सहा मैल पेडल मारावे लागतात. हे शेवटचे मैल नव्या माणसाच्या हिशेबात नसतात. पाय थकलेले असताना, दुपारच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर ते फार लांब वाटतात, म्हणून आम्ही आता आमची एक गाडी आदल्या रात्रीच खाली नेऊन ठेवतो.

या सेवेची खरी किंमत गाडीच्या सोयीत नाही, ती चालकाच्या निर्णयात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. बरो पासवरचा बर्फ सहसा जूनअखेर किंवा जुलैपर्यंत पूर्ण वितळत नाही आणि ऑक्टोबरमध्ये नव्याने पडू लागतो. त्यामुळे वर्षातील बराच काळ शटल अगदी माथ्यापर्यंत जाऊच शकत नाही, आणि बर्फाची रेषा जिथे असेल त्याप्रमाणे हॅझर्ड काउंटी या वाटेच्या दुसऱ्या तुकड्याच्या किंवा त्याहून खालच्या अप्पर पॉर्क्युपाइन या तुकड्याच्या सुरुवातीला सोडते. आमच्या दुसऱ्या खेपेस, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, चालकाने निघण्यापूर्वीच स्वच्छ सांगितले की काल वर पाऊस आणि बर्फ दोन्ही पडले आहे, मी तुम्हाला हॅझर्ड काउंटीला सोडणार आणि त्यानुसार पैसेही कमी घेणार. आम्ही डेन्व्हरहून सहा तास गाडी चालवून आलो होतो, त्यामुळे मन खट्टू झाले; पण त्या दिवशी आम्ही कोरड्या वाटेवरून, हातात ताकद शिल्लक ठेवून, उजेड असतानाच खाली पोहोचलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका सेवेने तशाच हवेत कसलीही कल्पना न देता आम्हाला थेट वर नेले. खिंडीखालच्या ओल्या मातीचा लगदा टायर आणि फ्रेम यांच्या मध्ये इतका साचला की चाके फिरेनात, आणि सुमारे दीड तास आम्ही सायकली ढकलत होतो. चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच घट्ट राहतात आणि मागून येणाऱ्यांची वाट नासते, हे त्या चालकाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. म्हणून आरक्षण करताना किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: वरची वाट ओली असेल तर तुम्ही काय करता? उत्तर ज्याच्याकडे तयार असेल त्याच्याकडेच जावे.

आता वाटेविषयी. होल एन्चिलाडा ही मुळात एक वाट नाही. बरो पास, हॅझर्ड काउंटी, कोकोपेली, अप्पर पॉर्क्युपाइन, लोअर पॉर्क्युपाइन आणि पॉर्क्युपाइन रिम असे तुकडे जोडून ती झाली आहे. इंग्रजी बोलीत ‘सगळेच्या सगळे’ या अर्थाने जो शब्दप्रयोग आहे, तोच तिचे नाव झाला. उताराची वाट म्हणून तिची ख्याती असली तरी सुरुवात चढानेच होते. बरो पासच्या माथ्यापर्यंतचा चढ लांब नाही, पण तो खडा आहे, आणि त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की एरवी सहज चढवणारा माणूसही दर पन्नास पावलांवर थांबतो. त्यापुढचा उतार मुळे, सुटे दगड आणि छोटे ओढे यांचा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तिथली अ‍ॅस्पेनची झाडे पिवळीधमक झालेली असतात आणि वॉर्नर लेकपर्यंतचा रस्ता पानांनी झाकलेला असतो. ओल्या पानांवर पुढचा ब्रेक जपूनच दाबावा लागतो.

हॅझर्ड काउंटी हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. ओकच्या खुरट्या झाडीतून वाट गुळगुळीत, वेगवान आणि वळणांची होते, पुढच्याचे चाक दिसेल एवढ्याच अंतराने चौघे एकामागोमाग उतरत जातात आणि बोलण्याची गरजच उरत नाही. पुढच्याने हात वर केला की मागचे तिघे सावध होतात. कोकोपेली हा जीपचा रस्ता आहे, त्यावर सांगण्यासारखे फारसे नाही.

खरी परीक्षा पॉर्क्युपाइनच्या तीन तुकड्यांत आहे, आणि तिथेच पुष्कळ जणांचा अंदाज चुकतो. वरच्या जंगलातून उतरून वाट एका प्रचंड कड्याच्या काठावर येते. खाली कॅसल व्हॅली पसरलेली असते, तिच्यात कॅसलटन टॉवर नावाचा लाल दगडाचा एकांडा सुळका उभा असतो, आणि वाट काही ठिकाणी कड्यापासून दोन-तीन हातांवरून जाते. कोकणकड्यावर उभे राहिल्यावर पोटात जे होते तेच इथे होते, फरक इतकाच की इथे आपण सायकलवर असतो. दगड मात्र सह्याद्रीचा बेसॉल्ट नाही, वालुकाश्म आहे. कड्याच्या माथ्यावरचा कायेंटा हा थर प्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आणि गाळाचा आहे; त्यातील कठीण आणि मऊ पापुद्रे वेगवेगळ्या वेगाने झिजल्यामुळे दगडाला पायऱ्या पडल्या आहेत. एका पायरीची उंची कधी वीतभर, कधी कमरेइतकी, आणि अशा शेकडो पायऱ्या. कोरड्या वालुकाश्मावर टायर अतिशय घट्ट पकडतो, म्हणून न घाबरता वजन मागे घेऊन उतरणाऱ्याला हा दगड साथ देतो. मात्र तो सॅंडपेपरसारखा आहे. पडलो तर कातडी सोलते, आणि धारदार कडेवर टायरची बाजू फाटते. तिसऱ्या खेपेस आमच्या कोल्हापूरच्या मित्राच्या मागच्या टायरला बोटभर लांबीची चीर पडली. टायरमधल्या सीलंट या चिकट द्रवाने ती भरली नाही, चिरेत खुपसलेला रबरी प्लगही टिकला नाही, शेवटी आतून खाऊच्या वेष्टणाचा जाड तुकडा लावून ट्यूब घातली आणि उरलेले नऊ मैल त्याने सांभाळून काढले. पातळ बाजूचा टायर असेल तर या वाटेवर येऊच नये.

भाड्याच्या सायकलींचा अनुभव संमिश्र आहे. पुढे-मागे 150 मिलिमीटरच्या आसपास दबणारे धक्काशोषक असलेली फुल सस्पेन्शन सायकल आणि चालवता चालवता सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट या वाटेसाठी आवश्यकच समजावीत. अशा सायकलीचे दिवसाचे भाडे शंभर डॉलरच्या पुढे जाते, आणि विमानाने येणाऱ्याने ते बिनतक्रार द्यावे. एका दुकानात आमची वजने विचारून फोर्क आणि शॉक या पुढच्या-मागच्या धक्काशोषकांतली हवा त्याप्रमाणे भरून दिली, ब्रेकची मूठ बोटांच्या लांबीनुसार लावून दिली आणि गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा जादा डिरेल्युअर हॅंगरही सोबत दिला. दुसऱ्या एका दुकानाने मला दिलेल्या सायकलीचे मागचे ब्रेक पॅड जवळपास संपलेले होते, आणि ते मी तपासले नाही ही माझीही चूक. सात हजार फुटांच्या उतारावर पॅड संपले की त्यामागचे लोखंड रोटरवर, म्हणजे चाकाच्या ब्रेक-चकतीवर, घासू लागते. पॉर्क्युपाइन रिमच्या अर्ध्यावर मागचा ब्रेक किंचाळू लागला आणि पुढच्या एकाच ब्रेकवर मी पायऱ्या उतरलो. परतल्यावर दुकानाने अर्धे भाडे परत केले, पण त्या दोन तासांची भीती अजून हातांत आहे. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी चाक काढून पॅडची जाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, त्यात संकोच मानू नये.

पाण्याबद्दल मी आग्रहाने लिहितो. खालच्या निम्म्या वाटेवर भरवशाचे पाणी नाही आणि सावली नावापुरती आहे. माणशी किमान तीन लिटर, उन्हाळ्यात चार, हे प्रमाण आम्ही आता मोडत नाही, कारण पहिल्याच खेपेस आमच्या नाशिकच्या मित्राचे पाणी लोअर पॉर्क्युपाइनला संपले होते. त्या दिवशी उरलेले पाणी झाकणाने मोजून चौघांत वाटले. तेव्हापासून दर तुकडा संपला की प्रत्येकाची पाण्याची पिशवी हातात घेऊन तिचे वजन पाहायचे, असा आमचा शिरस्ता आहे. सोबत मीठ लावलेले शेंगदाणे, चिक्की आणि गूळपोळी असते. वाळवंटात गूळपोळीइतके सोयीचे खाणे मला अजून सापडलेले नाही; ती वितळत नाही, चुरली तरी खाता येते, आणि घामाने थकलेल्या शरीराला गोड लगेच लागू पडते.

वाटेवरून खाली चाक उतरवू नका, हे शटलचा चालक दरवेळी सांगतो आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कडेला दिसणारी काळपट, खडबडीत माती मृत नसते. सायनोबॅक्टेरिया, लायकेन, शेवाळ आणि बुरशी यांनी मिळून विणलेला तो जिवंत थर आहे, तोच या वाळूला धरून ठेवतो, आणि चाकाच्या एका फेरीने तुटलेला हा थर भरून यायला अनेक दशके लागतात. ज्या चालकाने हे पहिल्या दिवशी गाडी थांबवून, खाली बसून, बोटाने दाखवले, त्याला आम्ही मनापासून धन्यवाद दिले.

शेवटचे काही मैल पॉर्क्युपाइन रिमची अरुंद पायवाट नदीच्या वर, कड्याच्या कुशीतून जाते. ती एकाच वेळी सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याची आहे, कारण तोपर्यंत मनगटे सुजलेली असतात आणि लक्ष ढळते. तिथे आम्ही शर्यत लावत नाही. अवघड जागी पहिला उतरतो, सायकल आडवी ठेवून थांबतो आणि मागच्याला कोणत्या पायरीवर चाक टाकायचे ते सांगतो. ज्याला उतरायचे नसेल त्याची सायकल दुसरा खाली घेतो, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. चार खेपांत कुणाचेही हाड मोडले नाही ते या सवयीमुळे.

किंमत, वेळ आणि धोका यांचा विचार करता ही सेवा मी निःसंकोच सुचवतो, मात्र सर्वांना माथ्यावरून नाही. खडकाळ वाटेचा पुरेसा सराव नसलेल्यांनी आणि समुद्रसपाटीवरून आदल्याच दिवशी आलेल्यांनी हॅझर्ड काउंटीला उतरावे. त्यांचा केवळ सुरुवातीचा चढ आणि जंगलाचा भाग हुकेल, कड्याची सारी वाट मिळेलच. बरो पास हवाच असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातले आरक्षण काही आठवडे आधी करावे आणि मोआबला दोन दिवस आधी पोहोचून अंगाला उंचीची सवय होऊ द्यावी. आमचे पाचव्या खेपेचे आरक्षण झाले आहे, त्याच चालकाकडे, ज्याने आम्हाला वर न्यायला नकार दिला होता.