'ईच' की 'एव्हरी': 'प्रत्येक' इंग्रजीत नेताना

मराठीतला 'प्रत्येक' इंग्रजीत नेताना 'ईच' घ्यावा की 'एव्हरी', हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. तो पडला सोसायटीचा सचिव झाल्यावर, सूचना मराठीबरोबर इंग्रजीतही काढण्याची वेळ आली तेव्हा. दोन्ही शब्दांपुढे नाम एकवचनी येते, हे ठाऊक असतेच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. अर्थाचा फरकही व्याकरणात सांगतात तसाच आहे: 'ईच' म्हटले की नजर एकेकावर जाते, 'एव्हरी' म्हटले की सगळा गट एकदम डोळ्यांसमोर येतो. पण 'ईच मेंबर' आणि 'एव्हरी मेंबर' यांतला हा फरक सूचना वाचणाऱ्या कोणाला जाणवल्याचे मला तरी आठवत नाही.

मला त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी. 'एव्हरी' नामाची सोबत सोडून एकटा उभा राहत नाही. 'त्यांपैकी प्रत्येकाने' याचे मी सरळ 'एव्हरी ऑफ देम' केले होते, आणि ते चूक असल्याचे एका भाडेकरू बाईंनी फार सौजन्याने दाखवून दिले. तेथे 'एव्हरी वन ऑफ देम' लिहावे लागते, तेही 'एव्हरी' आणि 'वन' तोडून, कारण जोडून लिहिला की त्याचा अर्थ 'सगळेजण' होतो आणि त्यापुढे हा 'ऑफ' चालत नाही. 'सभासदांनी प्रत्येकी पाचशे रुपये भरावेत' या साध्या वाक्यातला 'प्रत्येकी' तर 'एव्हरी'ला पेलतच नाही. वाक्य मोडून, 'सभासद' एकवचनी करून, सगळे नव्याने रचावे लागते. 'ईच' मात्र रकमेच्या मागे मुकाट्याने जाऊन बसतो: 'मेंबर्स शूड पे फाइव्ह हंड्रेड रुपीज ईच'. तो गाळला तर पाचशे रुपये सगळ्यांनी मिळून द्यायचे की काय, अशी शंका घ्यायला जागा राहते, आणि पैशाच्या बाबतीत ती कोणी ना कोणी घेतोच. मराठीत 'पाचशे-पाचशे रुपये' म्हटले तरी भागते. इंग्रजीत ती सोय नाही.

आमच्या इमारतीत लिफ्ट दोनच आहेत, तेथेही 'एव्हरी'ची अडचण होते. तो तीन किंवा अधिक वस्तूंसाठी आहे. दोनांसाठी 'ईच'च हवा.

'ईच'ही निर्दोष आहे असे नाही. 'ईच ऑफ द मेंबर्स' म्हटले की क्रियापद एकवचनी, म्हणजे 'हॅज', आणि 'द मेंबर्स ईच' म्हटले की अनेकवचनी, म्हणजे 'हॅव'. हे मी अजूनही कागदावर एकदा लिहून पाहतो. शिवाय 'जवळजवळ प्रत्येक' म्हणायचे असेल तर 'ऑलमोस्ट एव्हरी'ला पर्याय नाही, आणि 'प्रत्येकाने भरलेच आहेत असे नाही' यासाठीही 'नॉट एव्हरी'च लागतो. मराठीत 'दर' येईल तेथे, म्हणजे दर दोन तासांनी किंवा दर तिसऱ्या दिवशी, 'एव्हरी'च. दिवसाआडसुद्धा 'एव्हरी अदर डे'. गंमत अशी की 'एव्हरी' हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीत 'एव्हर' आणि 'ईच' यांच्या पूर्वरूपांच्या जोडीतून तयार झाला, म्हणजे 'ईच' त्याच्या पोटातच आहे.

तेव्हा निवड करायचीच असेल, तर माझ्या अल्प अनुभवावरून असे सुचवावेसे वाटते की मूळ मराठी वाक्यात 'प्रत्येकी', 'एकेक' किंवा 'त्यांपैकी प्रत्येक' असेल तर फार विचार न करता 'ईच' घ्यावा, आणि नुसता 'प्रत्येक' असेल तर दोन्ही चालत असले तरी निदान पत्रव्यवहारात 'ईच'कडेच झुकावे. पुढच्या वाक्यात तोच शब्द नामाविना वापरता येतो, नाम पुन्हा लिहावे लागत नाही. ललित लेखन करणाऱ्यांचे मत वेगळे असू शकेल, कारण 'एव्हरी'त एक ऐसपैसपणा आहे, तो मलाही आवडतो. आमची पाण्याची टाकी दर तीन महिन्यांनी धुतली जाते, म्हणून त्या सूचनेच्या पहिल्या ओळीत 'एव्हरी थ्री मंथ्स' कायम आहे; खाली खर्चाचा वाटा लिहिताना मात्र हात आपोआप 'ईच'कडे वळतो.