गिट लॉग ग्रेप: आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं काम म्हणजे फौंड्रीवाल्यांचं सॉफ्टवेअर, शिरोली एमआयडीसीतली गिऱ्हाईकं, हीट नंबर, कास्टिंगचं वजन, रिजेक्शन, गेटपास असलं सगळं. फोन येतो, "ओ, रिजेक्शनचं वजन परत वजा व्हायला लागलंय, मागं तुम्हीच बंद केलं होतं की." आता मागं म्हणजे कधी? आधी आम्ही गिट लॉग, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलांची यादी, उघडून नुसतं खाली खाली जायचो. आठ महिने झाले, ग्रेप ऑप्शन लावून कमिट मेसेजमध्येच, म्हणजे प्रत्येक बदल (कमिट) जपताना लिहिलेल्या ओळीतच, शब्द शोधतोय.

स्पीडला नाव ठेवायला जागा नाही, कारण हे फक्त मेसेज वाचतं, कोडमधला फरक काढत बसत नाही. पण सुरुवातीला लई फसलो. कॅपिटल-स्मॉलचा फरक चालत नाही, तो सोडायचा तर डॅश आय द्यावंच लागतं. दोन वेळा ग्रेप दिलं तर मला वाटलं दोन्ही शब्द असलेले कमिट येतील, तर आलं काय, दोन्हीपैकी कुठलाही एक असलेले सगळे, ढीगच. दोन्ही पाहिजेत तर ऑल मॅच वेगळं द्यायचं. आणि एकदा तर अख्खी दुपार घालवली अन् कमिट होता दुसऱ्याच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीवर, हे बाय डिफॉल्ट आपण उभे आहे त्याच ब्रँचचा इतिहास बघतंय, डॅश डॅश ऑल दिल्यावर दोन सेकंदात घावला.

खरी गंमत मात्र आमच्याच पोरांची. मेसेज मराठीत, लिपी इंग्रजी. वजन कोण व्हीनं लिहितंय, कोण डब्ल्यूनं, एक शहाणा सरळ डब्ल्यूटी. मग चौकटी कंसात व्ही डब्ल्यू दोन्ही टाकून पुढं उरलेलं वजन लिहायचं, रेजेक्स, म्हणजे शब्दाऐवजी असा नमुना, चालतो म्हणून निभावलं. पण "फायनल", "फायनल २", "साहेब म्हणाले म्हणून" असल्या मेसेजांना काय शोधणार कप्पाळ! त्यात मध्यंतरी स्क्वॅश मर्ज सुरू केलं, मेन ब्रँचवर वीस कमिटचा एक झाला अन् मेसेज फक्त "जुलैचं काम".

तिथं मग कॅपिटल एसचा ऑप्शन, तो मेसेज सोडून कोडमध्ये शोधतो, शब्द किती वेळा आलाय तो आकडा जिथं बदलला ते कमिट दाखवतो. आकडा तोच राहून ओळ बदलली असेल तर दाखवत नाही, त्याला कॅपिटल जी. दोन्ही हळू चालतात, तोवर चहा होतो.

परवा नवीन पोरगं कमिट करता करता माझ्याकडं वळलं, "दादा, वजन व्हीनं की डब्ल्यूनं?"